याएल या नावाची पडताळणी

औषधाच्या बाटलीबरोबर खोक्यात एक घडी घातलेला पातळ कागद येतो. त्यावरची अक्षरं मुंगीएवढी असतात आणि आपण तो खोकं उघडताच चुरगाळून टाकतो. हा कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचणारा एक माणूस असतो आणि त्याला त्याबद्दल दरमहा पगार मिळतो, यावर पुष्कळांचा विश्वास बसत नाही. पडताळ्यांच्या सासूबाईंचा लग्नानंतर चार वर्षं बसला नव्हता.

पडताळे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. औषधकंपनीतल्या लोकांनी ते त्यांना बहाल केलं होतं, कारण कोणताही कागद टेबलावर आला की ते चष्मा वर सरकवून विचारत, "दोन ठिकाणी पडताळलं का?" हा प्रश्न त्यांच्या इतका अंगवळणी पडला होता की घरी बायकोने स्नानघरातून ओरडून सांगितलं, "अहो, दूध उतू जातंय, गॅस बंद करा," तरी ते आधी पातेल्यापर्यंत जाऊन खरोखरच उतू जातंय का, ते बघत. तोपर्यंत बायकोचं म्हणणं सिद्ध झालेलं असे.

अशा माणसाने आपल्या एकुलत्या एका मुलीचं नाव एकाच ठिकाणी वाचून ठेवलं. तेही मोबाइलवर, दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून. त्याचं काय झालं ते सांगायचं आहे.

मंगळवारी दुपारी पडताळे अर्ध्या दिवसाची रजा काढून नोंदणी कचेरीत गेले. खिडकी क्रमांक चार. खिडकीत एक मध्यमवयीन बाई, समोर शाईचं पॅड, शेजारी थर्मास. पडताळ्यांचा अर्ज बिनचूक होता. असा अर्ज त्या कचेरीत वर्षातून एखादाच येत असेल. बाईंनी तो वरून खाली वाचला, कौतुकाने मान हलवली आणि पुन्हा वर येऊन थांबल्या.

"याएल? हे काय आहे?"

"नाव आहे."

"ते दिसतंय हो. पण कुठलं?"

"हिब्रू. लिहिलंय मी, रकाना अकरात."

रकाना अकरा असा होता: 'नाव अपरिचित असल्यास मूळ भाषा, अर्थ व आधार.' पडताळ्यांनी सुबक अक्षरात भरलं होतं: 'हिब्रू. बळ, उंची गाठणारी.' त्यापुढे आधाराची जागा कोरी होती.

"आधार छापील लागतो," बाई म्हणाल्या. "शब्दकोशाच्या पानाची झेरॉक्स आणा. मोबाइलवरचं चालत नाही. मागे एकाने मुलाचं नाव कुठल्याशा परक्या भाषेतलं ठेवलं. फार गोड नाव. शाळेत घालताना कळलं, त्या भाषेत त्याचा अर्थ मूळव्याध होतो. तेव्हापासून हा रकाना आला."

"बरोबर आहे," पडताळे म्हणाले. दुसरा कोणी असता तर त्याने खिडकीवर मूठ आपटली असती. पडताळ्यांच्या मनात मात्र त्या रकान्याबद्दल आदर दाटून आला, आणि त्यामागोमाग शरम. हा प्रश्न विचारायला खिडकी क्रमांक चार लागावी? आपल्याला?

"शुक्रवारी साठ दिवस भरतात," बाईंनी तारीख मोजून सांगितलं. "त्यानंतर नाव घालायचं तर प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार आणि वरच्या साहेबांची मंजुरी. साहेब रजेवर आहेत. केव्हा येणार ते साहेबांनाही माहीत नाही. आणि येताना मुलीच्या आईला आणा, सही लागते."

कचेरीतून पडताळे थेट वाचनालयात गेले. संदर्भ विभागातला जाडजूड हिब्रू शब्दकोश त्यांनी दोन्ही हातांनी उचलून टेबलावर आणला, पान काढलं आणि वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. शब्द होता, उच्चार होता आणि पुढे अर्थ होता: डोंगरकड्यांवर राहणारी रानबकरी.

बळ नव्हतं. उंची होती, पण ती बकरी ज्या कड्यावर उभी होती त्याची. सोबत एक रेखाचित्रही होतं. मागे वळलेली लांबलचक शिंगं आणि हनुवटीखाली दाढी.

त्यांनी दुसरा कोश काढला. बकरी. तिसरा, नुसता नावांचा कोश होता, त्यातही बकरी. फक्त तिथे 'चपळ' असं एक विशेषण देऊन पालकांचं थोडं सांत्वन केलं होतं. पडताळ्यांची हयात दोन कागदांचा मेळ बसवण्यात गेली होती. तीन कागद इतके चोख जुळले आणि त्याचं दुःख झालं, असं प्रथमच घडत होतं.

आता बकरीत वाईट काय, असं कोणी म्हणेल. बकरीशी पडताळ्यांचं वैर नव्हतं. प्रश्न बायकोचा होता.

मुलगी सात आठवडे आधी जन्मली होती. जन्मली आणि लगेच काचेच्या पेटीत गेली. पेटीवर एक पुठ्ठा लावलेला, त्यावर आईचं नाव आणि पुढे 'यांचे बाळ'. तिसऱ्या दिवशी डॉक्टर येऊन म्हणाले, "बघू या." डॉक्टरांच्या तोंडी याहून भयंकर शब्द नसतो. ते गेल्यावर बायको पडताळ्यांना म्हणाली, "तिला एक नाव शोधा. आत्ता. नुसतं 'बाळ, बाळ' म्हणून हाक मारली तर या खोलीतली सगळीच बाळं माझ्याकडे बघतील." म्हणून पडताळे जिन्यात गेले. चष्म्यावर वाफ धरली होती. लहानसं, सोपं, घराण्यात कोणाचं नसलेलं असं एक नाव दिसलं आणि त्यापुढे दिसलं 'बळ'. त्यावेळी त्या एका शब्दापलीकडे त्यांना जगात काही नको होतं. पळत परत येऊन त्यांनी सांगितलं, "याएल. याचा अर्थ बळ." बायकोने पेटीच्या भोकातून हात आत घातला, मुलीच्या तळव्याला बोट लावलं आणि ते नाव तिच्या कानात म्हटलं. पुढचे चौतीस दिवस म्हणत राहिली.

आता मुलगी घरी होती, दूध पीत होती, रडत होती आणि तिचं वजन पुढे सरकत होतं. सगळं सुखरूप झालं होतं. अशा वेळी त्या बळाच्या जागी बकरी नेऊन उभी कशी करायची?

पडताळे घरी पोहोचले तेव्हा त्यांची थोरली बहीण बाळाची दुलई घेऊन आली होती. ताईंनी दोन आठवडे खपून त्या दुलईवर एक डोंगर भरला होता आणि शिखरावर एक सूर्य. "उंची गाठणारी ना, म्हणून," त्या म्हणाल्या. डोंगर छान होता. एका कड्यावर जागाही रिकामी होती. पडताळ्यांची नजर त्या जागेवरून हटेना.

बायको बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेल्यावर त्यांनी ताईंना स्वयंपाकघरात ओढलं आणि झेरॉक्स दाखवली. ताईंनी ती दिव्याखाली धरली.

"अरे, हिला दाढी आहे!"

"तो नर आहे, ताई. चित्र नराचं आहे."

"मग मादीचं का नाही दिलं? आपली मुलगी आहे ना?" हा आक्षेप शब्दकोश काढणाऱ्यांवर होता आणि पडताळ्यांना तो पटलासुद्धा. मग ताई गंभीर झाल्या. "हे बघ, तिला यातलं अवाक्षर सांगू नकोस. ओली बाळंतीण आहे. दुसरं नाव बघ. उच्चाराला जड जातं म्हणून सांग. मी आहेच, मला जडच जातं."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर साखर मागायला आले. हेडमास्तर साखर मागायला येत तेव्हा घरात काय चाललंय हे त्यांना अर्धं माहीत असे आणि उरलेलं ते उभ्या उभ्या काढून घेत. त्यांनी झेरॉक्स वाचली, कप खाली ठेवला आणि वर्गात उभं राहावं तसे उभे राहिले.

"या इमारतीत हिब्रू कोणाला येतं?"

"कोणालाच नाही, सर."

"या गल्लीत?"

"नसावं."

"मग भिता कोणाला? शब्दाला आपण देऊ तो अर्थ. बळ म्हणा, धैर्य म्हणा, काय वाटेल ते म्हणा."

"पण रकाना अकरा आहे ना, सर. छापील आधार मागतात."

हेडमास्तरांनी थोडा विचार केला. "मग बकरी लिहावं लागेल," ते म्हणाले आणि साखर घेऊन निघून गेले.

बुधवारी कंपनीत दुसरंच वाढून ठेवलं होतं. छपाई विभागातल्या मंडळींनी परस्पर, प्रेमाने, बाळाच्या आगमनाची पन्नास कार्डं छापली होती. औषधाच्या कागदासारखाच पातळ कागद, तशाच घड्या, तीच मुंगीएवढी अक्षरं. 'याएल. अर्थ: बळ. वजन: दोन किलो तीनशे ग्रॅम, रोज वाढते. साठवण: उबेत. वापरण्यापूर्वी हलवू नये. परिणाम: आईवडिलांची झोप उडणे.' सगळा विभाग टेबलाभोवती जमला. छपाईवाले मिस्कीलपणे म्हणाले, "साहेब, एकदा नजर घाला. आणि अर्थ दोन ठिकाणी पडताळलाय ना?"

हास्याचा फवारा उडाला. पडताळेही हसले. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून चुकीचा कागद एकदाही बाहेर गेला नव्हता, आणि आता स्वतःच्या मुलीचा जात होता. "तीन ठिकाणी," ते म्हणाले. हे अक्षरशः खरं होतं, त्यामुळे त्यांना जास्तच लाज वाटली. ती कार्डं त्यांनी 'घरी वाटतो' म्हणून पिशवीत भरली. एक कंपनीच्या साहेबांनी आधीच भिंतीवर चिकटवलं होतं, ते त्यांनी जेवणाच्या सुट्टीत नखाने खरवडून काढलं. साहेबांनी ते पाहिलं. "जोडाक्षर चुकलंय," पडताळे म्हणाले. साहेबांनी विश्वास ठेवला.

गुरुवारी त्यांनी निकराचा प्रयत्न केला. वाचनालयातून त्यांनी नावांची एक यादी करून आणली होती, प्रत्येक अर्थ तीन कोशांत तपासलेला. एकाचा अर्थ दवबिंदू, एकाचा झरा, एकाचा 'मला लाभलेला प्रकाश'. यांत शिंगं असलेलं कोणी नव्हतं. संध्याकाळी बायको बाळाला मांडीवर घेऊन बसली असताना पडताळे जवळ उगाच रेंगाळले आणि बाळाकडे वाकून गोड आवाजात म्हणाले, "काय गं लिओरा?"

"कोण लिओरा?" बायकोने मान वर केली.

"काही नाही. मी म्हटलं, याएल जरा अवघडच आहे, नाही? ताईलाही जड जातं. अजून नोंद व्हायचीय, तोवर बदलता येईल. लिओरा म्हणजे प्रकाश. मला लाभलेला."

बायको बाळाच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "अहो, ती पेटीत होती तेव्हा मला तिला घेता येत नव्हतं. पाजता येत नव्हतं. कपडेसुद्धा सिस्टर बदलायच्या. माझ्याकडे तिला देण्यासारखं तेवढं एकच होतं. यंत्राची शिट्टी वाजली की मी ते नाव म्हणायची. म्हणजे बळ म्हणायची. म्हणत राहायची. आता कोणाला जड जातं म्हणून ते काढून घेऊ?"

"नाही, नाही," पडताळे घाईघाईने म्हणाले. "मी आपलं सहज विचारलं."

ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यांना रडू येत होतं आणि बकरीचा रागही येत होता, पण सगळ्यात जास्त राग जिन्यात उभ्या असलेल्या त्या माणसाचा येत होता, ज्याने दुसरं पान उघडून बघितलं नाही.

शुक्रवारी सकाळी खिडकी क्रमांक चारसमोर सात माणसांची रांग होती. तिच्या शेवटी पडताळे, बायको, आणि दुलईत गुंडाळलेलं बाळ. पडताळ्यांच्या खिशात झेरॉक्स होती. ती द्यावी तर बायकोला कळणार, न द्यावी तर नोंद अडणार. रांग एकेक माणसाने पुढे सरकत होती. आपल्या पुढच्या गृहस्थाचे कागद तरी अपुरे निघावेत, अशी त्यांनी मनोमन इच्छा केली. गृहस्थाचे कागद चोख निघाले.

"आणला आधार?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

पडताळ्यांनी खिशात हात घातला. कागद हाताला लागला, पण तो बाहेर येईना.

"बाई, एक मिनिट," ते म्हणाले, आणि बायकोकडे वळले. "अगं, तुला एक सांगायचंय. त्या नावाचा अर्थ बळ नाही. मी चुकलो. मी एकाच ठिकाणी वाचलं होतं. तीन कोश बघितले मंगळवारी. रानबकरी असा अर्थ आहे."

खिडकीतल्या बाईंनी थर्मासचं झाकण उघडलं होतं, ते तसंच हातात राहिलं.

"बकरी?" बायको म्हणाली.

"रानबकरी. मी तुला आधीच सांगायला हवं होतं. पण तू पेटीपाशी ते नाव... माझ्याच्याने होईना. तुला वाटलं तर बदलू आपण. माझ्याकडे यादी आहे. नाहीतर प्रतिज्ञापत्र करू, साहेब येतील केव्हातरी." त्यांनी चष्मा काढला. "तू चौतीस दिवस म्हणत होतीस आणि मी तुला भलताच शब्द दिला होता."

बायकोने दुलईची कड बाजूला केली. बाळ जागं होतं आणि तोंडाचा चंबू करून छताकडे बघत होतं. बायको त्याच्याकडे पाहत राहिली.

"ही रानबकरी कुठे असते?" तिने विचारलं.

"असते डोंगरात. सरळ उभ्या कड्यांवर. खाली नुसती दरी. पाय ठेवायला चार बोटं जागा असली तरी उभी राहते."

"आणि तिची पिल्लं?"

"तीही तिथेच. मी प्राण्यांवरच्या दोन पुस्तकांत पाहिलं. जन्मल्यावर काही तासांतच उभं राहतं पिल्लू. थोड्याच दिवसांत आईच्या मागे कड्यावरून चालायला लागतं."

"इतकं लहान असताना?"

"इतकं लहान असताना."

"पडत नाही?"

दोन्ही पुस्तकांत 'सहसा पडत नाही' असं होतं. पडताळ्यांना ते वाक्य पान क्रमांकासकट पाठ होतं. 'सहसा' हा शब्द औषधाच्या कागदावर त्यांनी हजार वेळा तपासला होता, आणि तो कोणी गाळला असता तर आख्खी छपाई थांबवली असती.

"नाही," ते म्हणाले. "पडत नाही."

बायकोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि पडताळे रुमाल शोधेपर्यंत ती हसायलाही लागली होती. सिझेरियनचे टाके ओढले जातात म्हणून ती दोन महिने पोट धरून हसत होती; आज तिने काहीच धरलं नाही. दुलईत हादरे बसू लागले तशी मुलगीही दचकली आणि तिने कचेरीभर ऐकू जाईल असा सूर लावला.

"अहो, मग बळ काय करायचंय?" बायको डोळे पुसत म्हणाली. "मी तिथे दुसरं काय मागत होते? पडू नको, एवढंच ना. पडली नाही. कड्यावरच होती की हो ती, चौतीस दिवस. लिहा बाई. याएल लिहा."

रांगेतल्या कोणीतरी "लिहा, लिहा" म्हटलं. पडताळ्यांच्या छातीवरचं मणभर ओझं उतरलं. मंगळवारपासून ते नीट श्वास घेत नव्हते, हे त्यांना श्वास घेतल्यावर कळलं. खिशातला कागद एकदाचा बाहेर आला.

बाईंनी झेरॉक्स अर्जाला टाचली आणि आईची सही घेतली. 'बळ, उंची गाठणारी' यावर त्यांनी पट्टीने रेघ मारली, बाजूला सही केली आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'डोंगरकड्यांवर राहणारी रानबकरी.'

"पुढे 'पडत नाही' तेही लिहा," बायको म्हणाली.

"ते शब्दकोशात नाही ना हो," बाई म्हणाल्या. "आणि रकान्यात जागा पण संपली."

"मागच्या बाजूला लिहा."

बाईंनी एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा बाळाकडे पाहिलं. मग अर्ज उलटा केला, पेन झटकलं आणि दोन शब्द लिहिले. त्याखाली शिक्का मारला आणि कागद खिडकीतून पडताळ्यांच्या पुढे सरकवला.

"तपासून सही करा."

पडताळ्यांनी चष्मा वर सरकवला आणि ते दोन शब्द वाचले. त्यांच्या आधी आणखी एक शब्द हवा होता, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. त्यांनी पेन उचललं.

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि सही केली.